बाबांच्या हातातला चिनी कुंचला

नवरा आणि मी डोंबिवलीहून निघालो तेव्हा बाबा आमच्या बॅगांवर मार्करने नाव घालत बसलेले. खाली टॅक्सी हॉर्न देत होती. बाबा सावकाश सगळी अक्षरं काढणार आणि मग वरून एका दमात शिरोरेघ ओढणार.

"अहो, विमान थांबणारे का तुमच्या अक्षरासाठी?" आई म्हणाली.

"अक्षर नीट असलं की सामान हरवत नाही," बाबा म्हणाले.

सोसायटीचा फळाही तेच लिहायचे. पाणी कधी येणार आणि कोण वारलं, दोन्ही सारख्याच निगुतीने.

नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही शांघायजवळच्या सूचौला आलो आणि मी एम.एस्सी. झालेली बाई एका दिवसात निरक्षर झाले. दुकानाची पाटीसुद्धा वाचता येईना. शेवटी बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये शेनबाई सुलेखन शिकवायच्या, तिथे जाऊन बसले. त्या बोलायच्या, मोबाईल भाषांतर करायचा. सुट्या, ठाशीव अक्षरांवर हात बसल्यावर त्यांनी मला धावती लिपी दाखवली.

त्यांनी सांगितलं, फार पूर्वी चीनमधल्या कचेऱ्यांतल्या लेखनिकांना काम उरकेना, म्हणून ते रेघा गाळायला लागले, चार ठिपक्यांची एक वेलांटी करायला लागले. आधी अक्षरं सुटीच राहायची. पुढे एक संपता संपता कुंचला दुसऱ्यात शिरू लागला. त्याहीपुढे काहींनी कुंचला जवळजवळ न उचलता ओळच्या ओळ लिहिली. ती वाचताना चिनी माणसंही अडतात.

"मग लिहायचं कशाला?" मी विचारलं.

"वाचायला साधं अक्षर आहेच," शेनबाई म्हणाल्या. "ह्यात हात कसा चालला ते दिसतं."

शाई संपत आली की रेघ विरते, मधून पांढरा कागद दिसतो. तिथे पुन्हा गिरवायचं नाही. ती विरलेली रेघच बघायला लोक येतात.

एकदा व्हिडिओ कॉलवर आई सहज बोलावं तसं म्हणाली, "ह्यांनी फळा सोडला." बाबांना कंपवात झालेला. अक्षर बारीक होत होत मोहरीएवढं झालेलं. मी इथून काय करणार? ऑनलाइन गोळ्या मागवायचे आणि रोज विचारायचे, "घेतल्या का?" तुमच्यातले जे बाहेर गेलेत, त्यांना हा प्रश्न पाठ असेल.

गेल्या मे महिन्यात घरी गेले ती कुंचले, शाई आणि कागद घेऊनच. धावत्या लिपीत बोटांचं काम थोडं, हात खांद्यापासून फिरतो. मला वाटलं, बाबांना हे जमेल. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, त्यांना उभं केलं. त्यांनी ताटाएवढा 'अ' काढला. आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा हसले. मी तेवढ्यावर काय काय ठरवून टाकलं.

आठवडाभरात ताटाची वाटी झाली. मग एका सकाळी कुंचला कागदावर टेकला तो तिथेच राहिला. शाई पसरत गेली.

"बाबा, उचला."

"उचलतोय गं."

त्यांना खरंच वाटत होतं की ते उचलतायत. मी मनगट धरलं, पण ओढू की नको, कळेना. डाग टेबलाच्या कापडापर्यंत गेला.

"माझा हात माझं ऐकत नाही, तुझ्या बाईंचं कुठून ऐकणार?" बाबा हळूच म्हणाले. "तू लिही. मी बघतो."

मी लिहिलं. चिनी त्यांना ओ की ठो कळत नाही, पण ते रेघेमागोमाग मान हलवत होते. एका वळणावर थांबले. "इथे अडलीस तू."

"हो."

त्यांनी कारण विचारलं नाही. परतीचं तिकीट त्यांनाही माहीत होतं.

आता सूचौत कुणी विचारलं, घर कुठे, तर मी डोंबिवली म्हणते. तिथे सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं लावायला कुणीतरी लागतं. आई लावते. तिची बोटंही आता दुखतात, असं ती परवा म्हणाली आणि लगेच विषय बदलला.