ओल्या कांद्याचा व्हिडिओ
ऑइलपेंटचा वास आला की मला श्रीरामपूरचं ते वर्कशॉप आठवतं. तिथं कांदा प्रतवारीची यंत्रं बनत आणि मी त्यांची वेबसाइट सांभाळायचो. साइट बघून गेलेल्या माणसाला नंतर इंटरनेटवर कुठंही गाठून जाहिरात दाखवायची सोय ब्राउझरांनी बंद करत आणली, तशा व्यापाऱ्यांच्या चौकशा आटल्या. रंगवलेली यंत्रं नुसती उभी राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, “मान्साच्या मागंमागं फिरायचं कशाला? आपलं यंत्र जसं हाय तसं दाखवू. ज्याला गरज हाय, तो आपणहून नंबर देईल.” त्यांनी व्हिडिओ करून घेतला आणि त्यात ओला कांदा यंत्रात अडकतो, तेही ठेवलं. “बाई, एवढं काढू या,” मी म्हणालो. “ऱ्हाऊ दे. घेणारा पयलं हेच इचारतो.” व्हिडिओ साइटवर टाकून खाली लिहिलं, ‘तुमचाच कांदा आणून यंत्र चालवून बघा.’ थोड्याच दिवसांत नेवाशाच्या एका व्यापाऱ्यानं नंबर टाकला आणि टेम्पोत कांदा भरून तो आला. दुपारभर त्यानं यंत्र चालवलं, मग हात झटकत म्हणाला, “खोट तुमीच सांगितली, म्हून आलो. द्या एक.” आता मी दुसऱ्या कारखान्यांसाठी हेच काम करतो. मालाची उणीव आधी दाखवा म्हटलं की मालक विषय बदलतात, तेव्हा बाईंचा धीर केवढा होता ते कळतं.