बायकोच्या माहेराची कच्ची वाट

तीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाला रस्ता शिकवायला जाऊ नये. मी तर तोंडावर सांगतो, तुमचं तुम्ही बघा. केजहून माजलगावला जा, परळीला जा, कुठला खड्डा कुठल्या वळणाच्या पुढं आहे ते मी झोपेत सांगेन. ही माझी घमेंड होती. ती माझ्या बायकोनं एका हिवाळ्यात उतरवली, आणि चारचौघांत माझा पाणउतारा न करता उतरवली. म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी माझं पाप सांगतो. अकरा वर्षांमागं मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं. ड्युटी संपवून, अंगावरच्या खाकी कपड्यानिशी धावतपळत मांडवात पोचलो, तर मानाचा फेटा दुसऱ्याच पाहुण्याच्या डोक्यावर! उशीर मलाच झाला होता. पण मी डोक्यात राख घालून घेतली आणि भर मांडवात ओरडलो, "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई!" मेव्हणा हात जोडून फाट्यापर्यंत मागं मागं आला. मी वळून बघितलं नाही.

तरी तो दर पंचमीला नि दिवाळीला बहिणीला न्यायला यायचा. लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आमचा मुराळी अंगणात उभा राहायचा आणि मी मुद्दाम चपला घालून डेपोत निघून जायचो. दोन वर्षांमागं त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बायको दवाखान्यात जाऊन त्याला बघून आली, पण त्यानंतर मुराळी यायचा बंद झाला आणि तिचं माहेरी जाणंही बंद झालं.

मी एकदा म्हणालो, "जा की जीपनं. कुणी धरलंय का?"

"मुराळ्याबिगर लेक जात नसती," ती म्हणाली. "आन् गेल्यावर लोकं इचारतील, दाजी कावून आले न्हाईत? मग काय सांगू?"

मी पेपर उघडला. उत्तर नसलं की मी पेपर उघडतो, मग तो कालचा का असेना.

त्यातच तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला, गुडघे म्हणाले चालू नका. शेवटी डॉक्टरांनीच सायकल सुचवली. मला वाटलं, घरात ठेवायची, जागच्या जागी पायडल मारायची. ती म्हणाली, "मी काय घाण्याचा बैल हाय का? मला गियरची पायजे. माती-मुरमावर चालणारी, डोंगर चढणारी."

बावन्न वर्षांची बाई! मी तोंडात तंबाखू असल्यानं हसू शकलो नाही, एवढंच. पण ती डोंगरावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पोरगी असताना चुलत्याची उंच सायकल नळीखालून पाय घालून माळावर पळवायची, हे तिच्या माहेरी सगळ्यांना पाठ आहे. हट्टाला पेटली की ती ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हट्ट पहिल्यापासून आवडतो.

आम्ही अंबाजोगाईला दुकानात गेलो. दुकानदारानं एक लालभडक सायकल पुढं केली. जाड टायर, पुढं शॉकअप, मागं शॉकअप. मी म्हटलं, "हीच घे, ट्रकसारखी दणकट हाय." तिनं ती दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि खाली ठेवली. "चढावर ही माझ्यावर बसंल, मी हिच्यावर न्हाई." मग त्यानं हँडल खाली वळलेली दाखवली. खडीच्या रस्त्याची, ग्रॅव्हल बाइक म्हणे, शहरात लई चालती. ती बसली, वाकली, उतरली. "चांगली हाय, पर माझी पाठ न्हाई म्हणती. आन् आमच्याकडं खडी कमी, दगडं लई."

तिसरीला पुढंच तेवढे शॉकअप होते, टायर ना जाड ना बारीक. तिनं पाय टाकून, मधली नळी दोन्ही पायांत घेऊन उभं राहून बघितलं, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का. सगळ्यात हलका गियर टाकायला लावला. ब्रेक एका बोटानं दाबून बघितले. आणि मग तिनं जे केलं ते बघून दुकानदार बोलायचा थांबला. टायर आणि चाकाला धरणारा चिमटा यांच्या फटीत तिनं दोन बोटं घातली आणि फिरवली.

"इतकी जागा पायजेच. काळी माती चाकाला बसली की बैलगाडी अडती, तितं सायकलीची काय कथा!"

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे मला अजून एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं." तिनं टायरमध्ये पंक्चरचं औषध तेवढं भरून घेतलं, बाभळीच्या काट्यांसाठी. छाती माझी फुगली, जशी काय बोटं मीच घातली होती.

आठ दिवसांनी मी पण एक घेतली. तिला एकटीला कसं सोडायचं, असं गल्लीत सांगितलं. खोटं आहे ते, मला जळायला होत होतं. आणि घेतली कुठली? ती लालभडक. भोगतोय अजून.

रस्ते ठरवायचं काम अर्थातच माझं. पहिल्या दिवशी मी तिला डांबरी रस्त्यानं काढली. कारखाने सुरू झाले होते. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाण्याचा डेक फुल. मागची ट्रॉली शेपटीसारखी हलत होती. त्यातली एक आमच्या इतक्या जवळून गेली की उसाचं पाचट तिच्या दंडाला घासलं. मी जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या त्या ड्रायव्हरला दिल्या. त्याला ऐकू गेल्या नाहीत. ती खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "हा रस्ता तुमच्या एसटीचा. आपला न्हाई."

मग मी मोबाइलचा नकाशा उघडला. त्यात एक छान बारीक रेघ दिसत होती, शेताशेतातून थेट माळावर जाणारी. मी पुढं, ती मागं. रेघ संपेना पण रस्ता संपला. समोर एक तार आडवी. मी म्हटलं, लोकं पण काय बे, रस्त्यात तारा लावतात! ती मागून "आवो, थांबा!" म्हणेपर्यंत मी तार उचलायला हात घातला. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन होतं ते. मी सायकलीसकट ज्वारीत उताणा. आणि ही बाई, माझी अर्धांगिनी, मला उठवायचं सोडून बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"डुक्कर वाचलं बगा आज!" म्हणाली.

त्या दिवसापासून वाट ती ठरवू लागली. आणि कशी ठरवायची! नवीन वाटेवर ती आधी उतरायची, टाच रोवून जमीन बघायची. टाच रुतली तर वाट रद्द. शेताच्या कडेकडेनं जायचं नाही, तारा असतात, आणि साधी तार कुठली नि करंटची कुठली हे सकाळच्या धुक्यात कळत नाही. उतारावर पाण्यानं धुतलेल्या वाटेनं जायचं नाही, तिथं बारीक खडे मोकळे पडलेले असतात नि चाक पळतं. "मेंढरू कधी सरळ उतरत न्हाई," ती सांगायची, "आडवं आडवं उतरतं. लेंड्या बगत चला, वाट गावतीच." वस्तीवरची कुत्री अंगावर आली की मी जोर मारायचो, मग ती आणखी चेकाळायची. ही सरळ खाली उतरायची, सायकल मध्ये घ्यायची आणि कुत्र्याला विचारायची, "काय रं बाबा, घरी हाईत का माणसं?" माणसं बाहेर यायची, कुत्री गप व्हायची, वर आम्हाला चहा मिळायचा. तीस वर्षं मी हजारो माणसं नेली-आणली, पण अशी वाट विचारत कधी गेलो नाही. मला फक्त हॉर्न माहीत होता.

रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भावाशी फोनवर बोलायची. मी बाहेरच्या खोलीत असायचो. कानावर तुकडे पडायचे. "त्या पडक्या हिरीपाशी का? ... बरं, डाव्या अंगानं. ... तितं खडीचं क्रशर झालंय? मग तिकडून नको." मला वाटायचं, बहीणभाऊ लहानपणच्या गप्पा मारतायत. पलीकडनं त्याचा जड, अडखळता आवाज यायचा आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. इतका नालायकपणा आपल्यात असतो, आणि आपल्यालाच पत्ता नसतो.

दर आठवड्याला आमची वाट चार-पाच किलोमीटरनं लांबत होती. आधी ओढ्यापर्यंत, मग माळावरच्या बारवेपर्यंत, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत. तिची साखर उतरली. दंड भरले. चढावर ती हलका गियर टाकून, जागेवरून न उठता, एका लयीत चढायची, आणि मी लाल ओझं ढकलत मागून यायचो. वरून हाक यायची, "या की हो डायवर साहेब, गाडी बंद पडली का?" मी चिडायचो, आणि मनातल्या मनात तिची दृष्ट काढायचो.

एका गुरुवारी, ना सण ना वार, ती म्हणाली आज खिंडीपर्यंत जाऊ. पहाटे निघालो. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मी धापा टाकत खाली बघितलं आणि धाप अडकली. खाली ओळखीचं देऊळ, ओळखीची पाण्याची टाकी. या गावाला मी नेहमी पलीकडच्या घाटानं, डांबरीवरून आलेलो. या अंगानं कधी बघितलंच नव्हतं.

"हे तर तुझं गाव."

"व्हय."

"फसवलंस मला! दोन महिने फसवत होतीस?"

तिनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. "फसवलं. मला एकटीलाच जायाचं असतं तर जीपनं कवाच गेले असते. तुमाला न्यायाचं व्हतं. दादाला उठता येत न्हाई, तुमाला वाकता येत न्हाई, मग मीच मुराळी झाले. ही सगळी वाट त्यानंच खाटंवर पडून सांगितली, रोज फोनवर. बहिनीला कुटं लागू नये म्हणून त्याचा जीव खालीवर व्हायचा."

इथं उघडायला पेपर नव्हता, मी उगाच टायर दाबून बघितला.

"आता मागं फिरायचं तर फिरा," ती म्हणाली. "मी रागावणार न्हाई. परतीची वाट चांगली हाय, कुटं धोका न्हाई."

आणि ती उतरली. काय उतरली हो! सीटच्या मागं अंग नेलेलं, कोपर सैल, ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून. ज्या माळावर तिनं पोरवयात मेंढरं उतरवली, त्याच माळावर आडव्या आडव्या वळणांनी ती लहान लहान होत गेली. मला रडू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम. फेटा आठवला. कुणाच्या डोक्यावर होता तो, हेसुद्धा आता मला सांगता येईना. मी तिच्या चाकाच्या खुणेत माझं चाक घातलं.

गावाच्या शिवेवर, लिंबाखाली, ती सायकल धरून उभी होती. तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मेव्हणा. किती वाळला होता! उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मागं त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "उजाडल्यापासून इतंच बसलेत. घरात ऱ्हाईनात."

मला बघून तो उठायला गेला. डाव्या हातानं खुर्ची रेटली, निम्मा उठला, परत बसला. मग एकेक शब्द ओढून काढत बोलला.

"दाजी... दारात पाय... ठिवनार न्हाई... म्हनलावता. म्हनून मी... दार सोडून... आलो."

धरणी पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. दाजीनं मेव्हण्याच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. मी पडलो. त्यानं डाव्या हातानं माझा खांदा धरला, आणि त्या हातात अजून एवढी ताकद होती की मला उठताच येईना. दोघंही म्हातारे, गावाच्या तोंडाशी, हमसून हमसून रडत होतो आणि दूध घालायला निघालेली माणसं गाड्या थांबवून बघत होती. बघू द्या. लग्नात पण सगळ्यांनी बघितलंच होतं.

मग मी त्याचा लुळा हात माझ्या गळ्यात घेतला, कमरेत हात घातला आणि त्याला उभा केला. पाय घासत घासत आम्ही गावातून चाललो. मागून दोघी बाया सायकली ढकलत येत होत्या. त्याच्या घरासमोर आलो तेव्हा तो थांबला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी आधी माझा पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि मग त्याला आत घेतलं.