मागच्या बाकावरचे सर

डिचोलीच्या आमच्या कॉलेजात ते निवृत्त सर मयेहून बसने यायचे. आम्हा नव्या प्राध्यापकांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचे, आणि नंतर एकेकाला कँटीनमध्ये नेऊन त्याच्या शिकवण्याबद्दल बोलायचे. मला आधी माझंच मत विचारायचे, "बाय, तुका कितें दिसलें?" मी बोलेपर्यंत ते तोंड उघडत नसत.

परवा त्यांनी मला मागे बसवलं आणि वर्गाला स्वतः शिकवलं. एकच उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं. मुलं हसू दाबत होती.

कँटीनमध्ये त्यांनी स्वतःच्या तासाबद्दल विचारलं, तर मी चहा मागवायला उठले.

"सांग गो. घरचीं म्हाका सांगिनात."

मी सगळं सांगितलं.

"बरें सांगलें," ते म्हणाले आणि उठले. गेटपाशी मात्र थांबले.

"बसस्टँड खंयच्या बाजूक गो?"

मी त्यांच्याबरोबर चालू लागले.