आधी भिंत दावा

"आधी भिंत दावा," असं म्हणून चाचा गोठ्यात शिरत आणि आजारी जनावराकडे चक्क पाठ करून उभे राहत. गाय मान टाकून बसलेली, मालक तिच्याजवळ हवालदिल होऊन उभा, मी थर्मामीटर झटकते आहे आणि आमच्या दवाखान्याचा परिचर भिंतीच्या भेगेला डोळा लावून बघतो आहे. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून बायकोच्या केसांचा आकडा निघे. भेगेत तो घालून ते हळूच काहीतरी उकरत, तळहातावर घेत आणि खूश होऊन म्हणत, "बराबर. हितं हाय सगळी बिरादरी."

तळहातावर रक्त पिऊन फुगलेल्या करड्या गोचिडी असत, एरंडाच्या बियांएवढ्या. चाचा त्यांना कधी चिरडत नसत. रॉकेलच्या बाटलीत एकेक सोडत आणि बूच घट्ट लावत.

माझी ती पहिलीच नेमणूक. कुरुंद्याच्या पलीकडे एका गावात आमचा जनावरांचा दवाखाना. मी डॉक्टर आणि चाचा परिचर, पण गावातले लोक विचारायचे आधी त्यांनाच. गोचीड पोट भरलं की जनावर सोडते आणि भेगेत जाऊन हजारांनी अंडी घालते, हे मीही पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी गोठ्यात गेल्यावर माझे डोळे जायचे ते गायीवरच.

"डाक्टरबाई," चाचा मला समजावत, "जनावर म्हंजे पाव्हण्याचं ताट. पाव्हणा ऱ्हातो कुटं ते बगा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याजवळ दोनच वाक्यं असतात आणि तेवढ्यावर त्यांचा संसार चालतो. चाचांचं दुसरं वाक्य होतं, "गाय उठली का?" उपचार केल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मालकाला फोन लावत आणि एवढंच विचारत. जनावर म्हैस असो, बैल असो, नाहीतर शेळी, प्रश्न गायीचाच. तिकडून 'उठली' म्हटलं की "बराबर" म्हणून फोन ठेवत. 'नाही उठली' म्हटलं की त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत जाई.

एकदा शाळेचे गुरुजी आले. कानामागे एकाएकी चामखीळ आली, औषध द्या म्हणाले. माणसाचा दवाखाना लांब, आम्ही जवळ. चार दिवस ते तिच्यावर चुना लावत होते. चाचांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "गुरुजी, ह्या चामखिळीला पाय हायेत."

गुरुजी खुर्चीतून उठून जे नाचले! मला हसू आवरेना. चाचा मात्र गंभीर. चिमट्यानं गोचीड मुळापासून धरून त्यांनी सरळ ओढून काढली, जागा साबणानं धुतली, आणि वर विचारलं, "घरची भिंत मातीची का शिमिटाची?"

रानातल्या रोह्यांमुळे, म्हणजे नीलगायींमुळे, गोचिडी वाढल्या म्हणून शेतकरी चिडायचे. पीक खातात ते खातात, वर ही भेट देऊन जातात. चाचा ऐकून घेत आणि म्हणत, "रोह्यालाबी तकलीफच हाय बाबा. त्याला कोन सुई देतंय?" मला त्या वेळी वाटलं, हा माणूस नोकरीला एका दवाखान्यात आहे, पण काळजी सगळ्या रानाची करतो.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कधी सुरू झालं हेही सांगता येत नाही. एका सकाळी चाचांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी विचारलं, तर म्हणाले, "दोनीबी माज्याच हायेत की." मी हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी एकाच म्हशीला दोनदा धरलं, कान तपासून सोडलं आणि पुन्हा धरलं. मला वाटलं, खात्री करून घेताहेत. एकदा बँकेतून फोन आला की तुमचे चाचा इथे भिंतीच्या फरशांमध्ये आकडा घालताहेत. ते चेहरा गंभीर ठेवून थट्टा करणारे गृहस्थ. थट्टा कुठे संपते आणि विसरणं कुठे सुरू होतं, हे मला कळेनासं झालं. खरं सांगते, मी समजून घ्यायचंही टाळत होते.

त्याच दिवसांत मथुराबाईंची गाय आजारी पडली. मथुराबाई एकट्या राहायच्या. माहेरहून आणलेल्या कालवडीची त्यांनी गाय केली होती. तिच्या पोटची एक छोटी कालवड, आणि दूध डेअरीला जायचं, असं त्यांचं घर चालायचं. गायीला गोचीड ताप. मी सुया दिल्या, अंगावर औषध फवारलं, ती उठली. वीस दिवसांनी पुन्हा तोच ताप, पुन्हा अंगभर गोचिडी.

आम्ही पोचलो तेव्हा गाय लिंबाखाली आडवी पडली होती. गोठा असा नव्हताच. उघड्यावर एक खुंटी आणि वर झाड.

चाचा म्हणाले, "आधी भिंत दावा."

मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चाचा, हितं भिंत कुटं हाय? मोकळ्या रानात बांधून ऱ्हायले मी."

"हाय. भिंतीबिगर येवढी येत न्हाई." ते झाडाला एक चक्कर मारून आले. मग दुसरी. मग बांधाकडे चालू लागले, हातात आकडा धरून, काही हरवल्यासारखे.

गाय धापा टाकत होती. मथुराबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. माझा तोल गेला. "चाचा!" मी ओरडले. "भिंत नाहीये इथे! परत या आणि गाय धरा!"

ते परत आले. गाय धरली. मी सुई दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "चाचा, उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर गोठ्यांवर येऊ नका. दवाखाना सांभाळा." मला वाटलं होतं, ते 'काहून' म्हणून विचारतील. ते फक्त "बराबर" म्हणाले आणि सुया उकळायला ठेवल्या.

त्यानंतर दोनदा त्यांनी मला दारात थांबवून विचारलं, "त्या बाईकडची भिंत बगितली का?" दोन्ही वेळा मी "बघते" म्हटलं, आणि दोन्ही वेळा बघितली नाही. नसलेली भिंत काय बघायची?

गाय मेली. मी चाचांना सांगितलं नाही. त्यांनी कुणाला फोन केला होता का, तेही मला ठाऊक नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. हारतुरे झाले, चहा झाला, आणि निघताना ते चुकून औषधांच्या खोलीत शिरले. तिथून त्यांच्या मुलानं त्यांना हात धरून बाहेर आणलं.

उन्हाळ्यात मथुराबाईंचा पुन्हा फोन आला. आता ती छोटी कालवड तापली होती. मी सुई दिली. दोन दिवसांत ती उभी राहिली, पण अंगावर गोचिडी पुन्हा दिसू लागल्या. मी डोक्याला हात लावून लिंबाखाली बसले. कुठून येतात या?

दुपारी मथुराबाईंनी कालवड सोडली. ती पाण्याकडे गेली नाही, चाऱ्याकडे गेली नाही. सरळ बांध ओलांडून खाली उतरली. मी मागोमाग गेले. बांधाखाली, बाभळींच्या आड, पूर्वी हळद शिजवायची भट्टी होती. आता सगळे यंत्रावर शिजवतात, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. भट्टीचा आडोसा म्हणून रचलेली एक दगडी भिंत तेवढी उभी होती, कमरेएवढी. कालवडीनं तिला मान लावली आणि खसाखसा घासायला लागली.

"तिची माय बी रोज हितंच अंग खाजवाया यायची," मागून आलेल्या मथुराबाई म्हणाल्या.

मी डोक्यातला आकडा काढला आणि दगडांच्या फटीत घातला. सगळी बिरादरी तिथं होती.

आम्ही ती भिंत पाडली, फटी जाळल्या, दगड लांब नेऊन टाकले. कालवड जगली.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गुंता आहे. चाचा त्या दिवशी बांधाकडे निघाले होते, ते ओळखून निघाले होते का? की जसे बँकेत गेले, तसेच निघाले होते? भिंतीशिवाय एवढी गोचीड येत नाही, हे त्यांचं ज्ञान होतं, की उरलेलं एक वाक्य? वीस पावलं आणखी चालू दिलं असतं तर ते भिंतीपाशी पोचले असते. मी त्यांना परत बोलावलं. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

म्हणून मी त्यांच्या घरी गेले. चाची दारातच म्हणाल्या, "माझा एक आकडा घरात ऱ्हाऊ देत न्हाईत बघा." चाचा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. जिथवर हात पोचत होता तिथवरचा गिलावा त्यांनी उकरून काढला होता. मुलं नवा गिलावा करू म्हणत होती, चाचीच करू देत नव्हत्या.

"चाचा," मी म्हटलं, "मथुराबाईंकडची भिंत सापडली. भट्टीची. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. मला वाटलं, आता 'बराबर' म्हणतील.

"कुटली भिंत?" ते म्हणाले.

चाचींनी चहा आणून ठेवला. मी तो तसाच हातात धरून बसले. चाचा पुन्हा भिंतीकडे वळले, आकडा एका भेगेत घातला, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "गाय उठली का?"

कालवड उठली होती. गाय उठली नव्हती.

"उठली, चाचा," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले, आणि उकरत राहिले.