पाहुणीनं हात लावायचा नाही

आमच्या गडहिंग्लजकडच्या माणसांना त्या काळी गोवा म्हणजे परदेशच. घाट उतरला की भाकरी संपते आणि भात सुरू होतो, एवढंच आईला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावरच माझ्या लग्नात तिनं डोळ्यांना पदर लावला होता. नवरा साखळी गावाजवळच्या एका खाणीवर ट्रक दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. कारापूरला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावर चहाच्या हॉटेलात कपबशा आदळायच्या, आणि आदळणारे मराठी पेपर वाचून कोकणीत भांडायचे. मला त्या भांडणाशी काय करायचंय? मला उकडा भात जमत नव्हता.

तो मला शेजारच्या काकीनं शिकवला. तिच्या नि आमच्या घरात एक भिंत होती, तीही नावाला. विहिरीवर माझी घागर कुठे ठेवायची, पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून आला की उंडे, ते गोल पाव, कसे निवडून घ्यायचे, साखळीच्या बाजारात कुणाकडे घासाघीस करायची नि कुणाकडे नाही, सगळं तिनं सांगितलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी तिला नावं ठेवायला नकोत. ती नसती तर मी पहिल्याच महिन्यात एसटीत बसले असते.

दिवस राहिले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी घाट चढायचा नाही म्हणून बजावलं. मग आईनंच यायचं ठरलं. सव्वा महिना. तो सव्वा महिना मी डोळ्यांपुढे ठेवूनच दिवस काढत होते. आई माझ्या उशाशी बसेल, बाळाला न्हाऊ घालेल, मला रागावेल. बाकी काही नको होतं मला.

मुलगी डॉक्टरांनी सांगितल्याच्या आधीच झाली. निरोप पोचून आई येईपर्यंत चौथा दिवस मावळला होता. आंबोलीचा घाट, सावंतवाडी, दोडामार्ग, डिचोली असं गाड्या बदलत ती आली, डिंकाचे लाडू, अळीव आणि जोंधळ्याचं पीठ घेऊन. दारातच काकीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पावणी तूं. बस मगे. हात लावचो न्हय कितेंच."

माझी मेथीची पेज चुलीवर होती, न्हाणीत भाणं भरून पाणी तापत होतं, बाळाचे लंगोट वाळत होते. आईनं सगळीकडे नजर फिरवली आणि ओसरीवरच्या सोप्यावर, त्या चिऱ्याच्या बाकावर, बसली.

दुसऱ्या दिवशी आमची पाचवी. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाई येते नि पोराच्या कपाळी काय ते लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पुजायचा असतो. इथं मात्र सहाव्या दिवशी सटी. काकीनं वाड्यावरच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, फुलं-नारळ आणून ठेवले होते. आई मला हळूच म्हणाली, "तिच्या तयारीला नाट नको लावायला. मी आपली गुपचूप मांडते." आणि ती काकीकडे वरवंटा मागायला गेली.

काकीच्या स्वयंपाकघरात जमिनीत रुतलेला मोठा रगडा होता. आईला वाटलं, त्याचा नुसता दगड मिळाला तरी भागेल. कशाला हवा, हे काही तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सटी आमच्या पद्धतीनं की काकीच्या, हा प्रश्न उभा राहिला असता. काकी म्हणाली, "तूं वाटतली? पावणीन वाटप कित्याक? हांव दितां वाटून."

अर्ध्या तासानं ती वाटीभर ओलं खोबरं, धणे नि मिरच्यांचं वाटप घेऊन आली. इतकं बारीक की बोटाला कण लागेना. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं. "लई चांगलं वाटलंय," म्हणाली. मला हसू आलं आणि टाक्यांची कळ डोळ्यांत आली. मी खाटेवरून उठू शकत नव्हते. काकीला सांगावं तर तिचं मन दुखावणार, न सांगावं तर आईचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. दिवेलागण झाली, पाचवी तशीच गेली, आणि त्या वाटपाची आईनं आमटी केली.

सटी थाटात झाली. बायकांनी गाणी म्हटली, काकीनं नातीसारखं माझ्या लेकीला मांडीवर घेतलं. आईला मानाची खुर्ची दिली होती. खुर्चीवरून तिला बाळ दिसतही नव्हतं.

पुढे तेच. आई उठायच्या आत काकी न्हाणीत. आई लंगोटाला हात लावी, काकी तो काढून घेई. आईच्या पिठाची भाकरी एकदा झाली, पण काकी म्हणाली, बाळंतिणीला जड. लेक रडायला लागली की आई "आलं गं माझं सोनुलं" म्हणत उठायची, तोवर काकी तिला खांद्यावर टाकून अंगणात पोचलेली असे, आणि ती कार्टी तिथं गप्प व्हायची. आई सोप्यावर बसून माझ्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं शिवायची. न तुटलेलीही.

बारसं झालं आणि आईनं पिशवी भरली. मी म्हटलं, "सव्वा महिना म्हणाली होतीस."

"म्हशीकडे कोण बघणार?" ती म्हणाली. मग माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तुझं काही अडत नाही इथं. नशीब काढलंस."

म्हैस शेजाऱ्यांकडे सोपवून आली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. अडतंय म्हणावं, तर काय अडतंय ते दाखवता आलं असतं का?

नवरा तिला साखळीच्या स्टँडवर पोचवायला गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि मला रडू आवरेना. काकी पेजेचा वाडगा घेऊन आत आली. तिनं तो खाली ठेवला, माझ्याजवळ बसली, पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडटा कित्याक गो बाये? आवय गेली म्हणून? हांव आसां न्हय?"

ती होती, म्हणूनच तर मी रडत होते. तिनं वाडगा पुढे केला आणि मी पेज प्यायले.