आमच्या गेटच्या ॲम्बेसेडरचा भाव

जी वस्तू तुम्ही एकट्याने घेतलीच नव्हती, तिची किंमत तुम्ही एकट्याने ठरवाल का?

लगेच ‘नाही’ म्हणू नका. मीही तसंच म्हणत आलोय. आता जे सांगणार आहे ते कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं – मित्रांना नाही, घरात नाही, आणि ज्या पत्रकांतून मी अख्ख्या शहराचे कान उपटतो त्यांत तर नाहीच.

आधी राग सांगतो, कारण तो खरा आहे. फोनवर जुन्या गाड्यांचे ग्रुप असतात, तुम्ही पाहिले असतील. दरवाजे गंजलेले, इंजिनाचा पत्ता नाही, मागच्या सीटवर मांजर व्यायलेली – आणि खाली किंमत अशी की तेवढ्यात मोशीत फ्लॅट बुक व्हावा. वर पुन्हा माज: ‘शौकिनांनीच संपर्क साधावा. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ अरे, टाइमपास कोण करतंय? विकायची नसेल तर विकायला काढता कशाला? जो माणूस सुट्टीच्या दिवशी खाली आडवा पडून ती गाडी चालू करेल, त्याला आकडा दाखवून दारातून हाकलायचं, गाडी ताडपत्रीखाली सडवायची, आणि वर म्हणायचं – आम्ही वारसा जपतोय. कसला वारसा? गंजाचा?

त्यातली एक जाहिरात माझी आहे.

थांबा, नीट सांगतो. माझे वडील – तात्या – चाकणच्या एका कारखान्यात युनियनचं काम बघायचे. मी लहानाचा मोठा झालो तो त्यांनी आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून. अक्षरं शिकलो तीही त्यातूनच. संपाच्या वेळी गेटवरच्या कामगारांनी वर्गणी काढून एक सेकंडहँड पांढरी ॲम्बेसेडर घेतली होती. कागद कुणाच्या तरी नावावर लागतो म्हणून तो तात्यांच्या नावावर झाला. तिच्या टपावर भोंगा असायचा, डिकीत पत्रकं. संप मिटला, गाडी राहिली. मग ती सगळ्यांची झाली – कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, जयंतीची मिरवणूक. नियम एकच: जो नेईल त्याने पेट्रोल भरायचं आणि परत लावताना धुऊन लावायची. चालवायला मात्र सुदामकाकाच, चऱ्होलीचे. तात्यांचे जिवाभावाचे दोस्त. गाडी बिघडली की तीच बोलवतेय असं समजून यायचे.

कारखाना बंद पडला, माणसं पांगली. गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. शेवटी तात्या म्हणाले, चालवणाऱ्याच्या हातात जाऊ दे. आणि एवढंच बजावलं – सुदामला आधी विचार.

मी आधी ग्रुप उघडला. नुसता भाव बघायला, असं स्वतःला सांगितलं. बघितला, आणि डोकं फिरलं. मग मी लिहायला बसलो. मला काय लिहिता येतं? पत्रक. ‘हिने संप पाहिला. हिच्या टपावरून घोषणा दुमदुमल्या. ही गाडी नाही, कामगारांच्या लढ्याची साक्षीदार आहे.’ खाली आकडा टाकला – पंधरा लाख. गॅरेजवाला म्हणाला होता त्याच्या दहापट. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, सलाम पाठवले. विकत घ्यायला कुणी आलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. कौतुक तर येत होतं ना?

आणि एक दिवस सुदामकाका आले. तात्या निगडीला ताईकडे गेले होते. काकांनी जाहिरात वाचलीच नव्हती, गाडी विकायचीय एवढंच पुतण्याकडून ऐकलं होतं. आळंदी रस्त्याला लग्नाचे लॉन झालेत, नवरीला जुन्या गाडीतून आणायची हौस आलीये, हिला दुरुस्त करून तिथे भाड्याने लावतो, माझंही भागेल – असं सांगताना त्यांचा हात बॉनेटवरून फिरत होता. म्हणाले, गॅरेजवाला म्हणेल तो भाव देतो. घासाघीस करायला आलोच नाही.

मी त्यांना पंधरा लाख सांगितले.

का? ग्रुपवर एवढे सलाम आले होते, मग खाली कसा उतरू – इतकंच क्षुद्र असेल. वर म्हणालो, काका, हिला इतिहास आहे. कुणाला म्हणालो? त्या टपावरचा भोंगा ज्याने बांधला त्याला. त्याच्याच घोषणांचा भाव मी त्याच्याकडे मागत होतो.

ते हसले. म्हणाले, “व्हय का? मंग आमी लय मोठ्या गाडीत फिरलो म्हनायचं, राव.” मग बॉनेटवरचा हात काढला. “हा भाव तात्यानं सांगितलाय?”

इथे मी काही बोललो नाही. फक्त खाली बघितलं. मान हलवलीसुद्धा नाही – म्हणजे खोटं बोललो नाही, असं मी पुढे स्वतःला कितीदा समजावलंय.

तात्या घरी आल्यावर विचारलं, सुदाम काय म्हणाला? मी म्हणालो, त्यांना नकोय.

त्यानंतर दोघे बोललेले नाहीत. एकाला वाटलं, दोस्ताने माझ्याकडे लाखो मागितले. दुसऱ्याला वाटलं, दोस्ताला गाडीही नको झाली, मीही. सुदामकाका आता त्यातल्याच एका लॉनवर वॉचमन आहेत. सजवलेल्या जुन्या गाड्यांना गेट उघडून देतात. आमची अजून ताडपत्रीखाली आहे. तिच्या तळाला हात घातला तर पत्रा हातात येतो.

आणि मी? मी या काळात जमिनीच्या दलालांवर पत्रक लिहिलं. मथळा होता – ‘भाव की लूट?’ छान झालं, म्हणाले सगळे.

आज सकाळी तात्यांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “चावी दे.” मी चावी दिली, येतो म्हणालो. “तू नको.” खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि चऱ्होलीला गेले. अजून आलेले नाहीत. काका त्यांना दारात उभं करतील की नाही, मला माहीत नाही.

माफी मागत नाही, ती तुमच्याकडे नाहीच. एकच करा. जाहिरात मी काढून टाकलेली नाही – काढून टाकली की मी सुटलो. ग्रुपवर ‘लढ्याची साक्षीदार’ शोधलंत की सापडेल. तिच्याखाली, माझ्या नावाखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहा: ही गाडी याची नाही.