जाऊबाईंची हद्द

आमच्या थोरल्या जाऊबाई नक्की काय काम करतात हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही मी पिच्छा पुरवला म्हणून. हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, एवढं ठाऊक होतं. "यंत्राचा प्रोग्राम तुम्ही लिहिता का?" असं विचारलं की त्या म्हणत, "नाही गं, त्याच्या आधीचं."

आता आधीचं म्हणजे काय? तर सी भाषेतला प्रोग्राम 'मेन' नावाच्या जागेपासून सुरू होतो, असं सगळे समजतात. पण वीज येते त्या क्षणी मेमरीत काय वाटेल तो कचरा असतो. कुणीतरी आधी कामाला जागा आखून द्यायची, ठरलेले आकडे जागच्या जागी नेऊन ठेवायचे, उरलेली मेमरी शून्याने पुसून काढायची आणि मग मेनला म्हणायचं, या, बसा. हे सतरंज्या घालायचं काम जाऊबाईंचं. टाळ्या मेनला, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. "माझ्या हद्दीत केर सापडला तर दाखवा," असं त्या खुशाल सांगत. घरातही तोच तोरा. त्यांनी पुसलेल्या ओट्यावर मी बोट फिरवून पाहिलंय, खोटं कशाला बोलू? काही सापडलं नाही.

यंदा त्यांच्याकडे नवा पंप तयार झाला. रुग्णाला थेंब थेंब औषध सोडणारा, आणि नळी तुंबली की भोंगा वाजवणारा. एका हॉस्पिटलातून तक्रार आली, नळी तुंबली तरी भोंगा गप्प. नर्स शेजारीच होती म्हणून निभावलं. झालं असं, की भोंगा मुका करायचं एक बटण असतं. पंप नव्याने चालू केला की तो मुकेपणा जायला हवा, आणि तो कधीकधी जात नव्हता.

पंपाचा मेन लिहिला होता तात्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या शेजारच्या टेबलावरच्या, निवृत्तीला टेकलेल्या गृहस्थांनी. बैठकीत साहेबांनी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुकेपणाची खूण मेमरीतच असते, आणि माझ्याकडून मेमरी पुसूनच पुढे जाते." झालं, खापर तात्यांच्या डोक्यावर फुटलं. सोमवारी पंपाचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. जन्मभराच्या नोकरीचा असा शेवट कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

जाऊबाईंना वाईट वाटत होतं, पण शंका नव्हती. तात्यांची चूक सापडली तर निदान दुरुस्त करून देऊ, म्हणून त्या शनिवारी पंप घरी घेऊन आल्या. जेवायच्या टेबलावर नळीला चिमटा लावायचा, भोंगा वाजवायचा, मुका करायचा, पंप बंद करायचा. मग दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं आणि मगच खटका चालू करायचा. यंत्राला धक्का बसू नये म्हणून ही शिस्त त्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. दर वेळी भोंगा नीट वाजला आणि घरात कुणाला फोनवर बोलता येईना.

आमच्या सासऱ्यांना, मामंजींना, थांबणं कधी जमलंच नाही. लिफ्टचं बटणसुद्धा ते ती येईपर्यंत दाबत राहतात. जाऊबाई भोंगा मुका करून पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात मामंजींनी पंप बंद केला. दिवा लगेच विझेना, म्हणून त्यांनी खटका पुन्हा दाबला. पंप चालू झाला. नळीला चिमटा तसाच, आणि भोंगा गप्प.

"घ्या सूनबाई, केला दुरुस्त," मामंजी म्हणाले.

जाऊबाई पेला हातात घेऊन तशाच उभ्या. "मामंजी, परत करा बरं." त्यांनी आनंदाने केलं. परत गप्प.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि या वेळी तात्यांचा नाही, स्वतःचा कोड वाचायला घेतला. मेमरी कुठपर्यंत पुसायची ती हद्द त्यांनीच लिहिली होती, आणि ती एका घराने कमी पडत होती. मुकेपणाची खूण नेमकी त्या शेवटच्या घरात. वीज जरा वेळ गेली की ते घर आपणहून विसरायचं, झटक्यात परत आली की आठवण तशीच. दिवा विझायची वाट पाहणाऱ्यांना हे दिसणंच शक्य नव्हतं. हॉस्पिटलात मात्र घाईत प्लग काढून लगेच दुसरीकडे लावतात.

"गुपचूप दुरुस्त करून टाका की," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

"अगं, आणि तात्या?" एवढंच म्हणून त्या पुरावे गोळा करायला लागल्या. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी त्यांनी बैठकीत नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं. चूक माझी, ही ती ओळ, दुरुस्ती झाली आहे, गेलेले पंप परत मागवा. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण मागवले. तात्यांचं काम तात्यांकडेच राहिलं.

संध्याकाळी भाजी निवडताना हे सगळं त्या मला सांगत होत्या, जिंकून आल्यासारख्या. गोष्ट तात्यांपाशी येऊन थांबली. मी विचारलं, "रागावले का?"

"नाही गं. मीच त्यांना विचारलं, माझा कोड तुम्ही एकदाही उघडून का नाही पाहिलात? तर म्हणाले, तू पुसलंय म्हणालीस ना, मग मी माझाच परत परत वाचत बसलो." जाऊबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणाले, आता आपल्याला जमत नाही, असं घरी बायकोला सांगूनसुद्धा टाकलं."

मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. डोळे पुसून त्या उठल्या आणि भाजी तशीच बाजूला सारली.

"चल, त्यांच्या घरी जाऊन येऊ. त्यांना जमतं, हे त्यांच्या बायकोला मीच सांगायला हवं."

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.